प्लेलिस्टचे स्थलांतर: एम३यू८, सापेक्ष मार्ग आणि एक हट्टी 'ऱ'

गाण्यांचा संग्रह नव्या डिस्कवर हलवून झाला असून आता प्लेलिस्टची पाळी आली आहे. फूबार२००० या संगणकावरच्या संगीत-प्लेअरमध्ये तयार केलेली यादी प्लेअर बंद केला तरी टिकून राहते, त्यामुळे ती वेगळी जतन करण्याची गरज रोजच्या वापरात जाणवत नाही. जतन करताना एफपीएल हे त्याचे खास स्वरूप निवडल्यास यादी झटपट उघडते खरी, पण ती इतर प्लेअरच्या उपयोगाची नसते. म्हणून प्रत्येक यादी एम३यू८ फाइल म्हणून ठेवण्याचे ठरवले आहे.

१९९७ मध्ये आलेल्या विनॅम्प या प्लेअरमुळे घरोघरी पोहोचलेले एम३यू हे स्वरूप म्हणजे साधी मजकूर-फाइल असते. तिच्यात गाणी नसतात, गाण्यांचे पत्ते असतात: दर ओळीला एक. विस्तारित प्रकारात प्रत्येक पत्त्याच्या वर हॅश चिन्हाने सुरू होणारी आणखी एक ओळ येते आणि तिच्यात गाण्याचा कालावधी सेकंदांत व पुढे शीर्षक दिलेले असते. एम३यू८ म्हणजे तीच फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे साठवू शकणाऱ्या संकेतन-पद्धतीत. देवनागरी नावांच्या फाइली बाळगणाऱ्याने दुसरा विचारच करू नये, कारण जुन्या एम३यूमध्ये अशी नावे अनेकदा प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसतात.

या टप्प्यातले मुख्य काम पत्ते सापेक्ष करण्याचे होते. पूर्ण पत्ता ड्राइव्हच्या अक्षरापासून सुरू होतो आणि ते अक्षर बदलले की सगळी यादी एका फटक्यात मुकी होते. याउलट, यादीची फाइल संग्रहाच्या मुख्य फोल्डरमध्ये ठेवून पत्ते तिथूनच मोजले, तर तो फोल्डर कुठेही उचलून नेता येतो. जुन्या फाइलींमध्ये साध्या टेक्स्ट एडिटरने सुरुवातीचा भाग गाळला आणि उलट्या तिरप्या रेघांच्या (\) जागी सरळ तिरप्या रेघा (/) घातल्या, कारण लिनक्स या संगणक-प्रणालीवर उलटी रेघ फोल्डर वेगळे करत नाही. लिनक्सवर रोमन नावांतील लहान-मोठ्या अक्षरांचा भेदही आडवा येतो, तेव्हा तोही तपासून घेतला.

एवढे करूनही मोजकी गाणी सापडेनात आणि त्या सर्वांच्या नावांत 'ऱ' होता. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, हे अक्षर एकसंध चिन्ह म्हणून लिहिता येते, तसेच 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, परंतु पत्ता तंतोतंत जुळवणाऱ्या प्रणालीला ती दोन वेगळी नावे वाटतात. फाइलींची नावे आणि याद्या या दोन्हींचे एनएफसी या एकाच रूपात (ज्यात असा 'ऱ' एकसंध चिन्हानेच लिहिला जातो) सामान्यीकरण केल्यावर ती गाणी वाजू लागली. (हा घोळ फक्त मराठीवाल्यांच्याच वाट्याला येतो असे नाही; फ्रेंच नावांतल्या स्वरचिन्हांचीही हीच गत होते.)

ऑटोप्लेलिस्ट अद्याप बाकी आहेत. त्या प्रत्यक्षात याद्या नसून टॅगवर (गाण्याच्या फाइलीत नोंदलेल्या गायक, वर्ष अशा माहितीवर) चालणारे शोध असतात आणि एम३यू८ मध्ये जतन केल्या की केवळ त्या क्षणाचा निकाल गोठतो, मूळ अट हरवते. त्यामुळे प्रत्येक अट यादीशेजारी त्याच नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवण्याचे काम सध्या चालू आहे.