बांगडीतला मोर

पुण्याच्या एका चहा कंपनीला दिवाळीच्या भेटीसाठी पत्र्याचा डबा करायचा होता. झाकणावर पैठणीच्या पदरातला बांगडी मोर, त्याखाली डिझायनर म्हणून माझं नाव. डबे 2,000. मोर छापायचा; फक्त 100 डब्यांवर खरी विणलेली पट्टी बसवायची. संभाजीनगरात बसून काम करणाऱ्या माझ्या वाट्याला असं काम वर्षातून एखादंच येतं. करारनामा पिशवीत घेऊन मी पैठणला गेले, सोबत कंपनीचे साहेब होते.

ज्यांच्या घरी माग होता त्या मावशींना मी लॅपटॉपवर काढलेला मोर दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"ताई, मान अशी गोल नाही यायची. धागा वळत नसतो. पायरी पायरीनं चढतो."

आणि मागावर बसून त्यांनी करून दाखवलं. ताण्यावर, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांवर, रंगारंगाचा धागा गुंडाळलेल्या छोट्या कांड्या ओळीनं पडलेल्या होत्या. ओठांतल्या ओठांत उभे धागे मोजत त्यांनी हिरवी कांडी पाच धाग्यांखालून काढली, शेजारच्या लाल धाग्यात अडकवली, माघारी आणली. पुढच्या ओळीला एक धागा कमी. मोराची मान एवढ्यानंच झुकते. रंग असे एकमेकांत गुंतत जातात म्हणून मागं लोंबते धागे राहत नाहीत. त्यांनी विणून झालेला पदर उलटा करून दाखवला, तिकडूनही तसाच मोर.

"दिवसाला किती होतं?" साहेबांनी विचारलं.

मावशींनी अंगठा आणि बोट थोडं फाकवलं. इंचभरसुद्धा नव्हतं. म्हणजे आमच्या एका पट्टीला चार दिवस, 100 पट्ट्यांना एका मागाचे 400 दिवस. दिवाळी तीन महिन्यांवर होती.

"मग सगळेच छापू," साहेब म्हणाले. "डिझाइन तर मॅडमचंच आहे."

"मोर ताईंचा?" मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "मला सासूनं मोजून शिकवला. तिला तिच्या सासूनं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच मला ते जास्त लागलं.

करारात एक कलम होतं: डिझाइनचे सर्व हक्क कंपनीकडे राहतील. आम्ही डिझायनर हे कलम सवयीनं वाचतो आणि सही करतो. मी स्वतः काढलेलं चहाचं पान द्यायला माझी हरकत नसते. पण हा मोर माझा नव्हता, तो मी लिहून कसा देणार? 2000 च्या डिझाइन कायद्यात नवी, मूळ रचनाच नोंदवता येते. पैठणीला तर भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव तिथल्या विणकामालाच लावता येतं. हे मला ठाऊक होतं. 2021 मध्ये फॅशन डिझायनर सब्यसाची आणि एच अँड एम ही परदेशी कपड्यांची कंपनी यांनी मिळून कपडे काढले, तेव्हा नक्षी छापील आहे, कारागिरांच्या हाताला त्यातून काम नाही, असं जाहीर पत्र हस्तकला संस्थांनी लिहिलं होतं. ते मी मैत्रिणींना वाचून दाखवलं होतं. आणि तरी मी सही करायला निघालेच होते.

मी तिथंच पेन काढून ते कलम खोडलं. साहेब ओट्यावर जाऊन तासभर फोनवर बोलत होते.

काम गेलं नाही, पण लहान झालं. छापील मोर रद्द झाला. 2,000 पैकी 40 डब्यांवर विणलेली पट्टी आणि आतल्या कार्डावर विणणारीचं नाव. बाकीचे डबे नुसते जांभळे, हिरव्या काठाचे. माझे पैसे निम्म्यावर आले. पट्ट्या दोन मागांवर लागल्या. पैसे मात्र नगावर धरायचे नाहीत, दिवसाच्या मजुरीनं द्यायचे, ही अट मावशींनी घातली. नगावर धरलं की हात घाई करतो, मोर बारीक होत जातो आणि आधी त्याचा तुरा जातो, असं त्या म्हणाल्या. ते मी करारात त्यांच्याच शब्दांत लिहिलं.