तुम्ही विचारलंत म्हणून: केसांना काय लावता?

लग्नघरात, लोकलमध्ये, बँकेच्या रांगेत, कुठेही गेले तरी पहिला प्रश्न ठरलेला: ‘केस खरेच कुरळे आहेत, की करून घेतलेत?’ खरेच आहेत म्हटलं की लगेच दुसरा: ‘मग लावता काय?’ याचं उत्तर उभ्या उभ्या देणं अवघड जातं. विचारणारीला बाटलीचं नाव हवं असतं, आणि मला सांगायचं असतं कंगव्याबद्दल. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

कोरड्या केसांत कंगवा घालायचा नाही. माझ्या केसांचं निम्मं श्रेय या एका गोष्टीला आहे. आपल्याकडे सकाळी उठून खसाखसा केस विंचरणं हे टापटिपीचं लक्षण मानतात. कुरळे केस तसे विंचरले की एकत्र राहणाऱ्या बटा सुट्या होतात, एकेक केस वेगळा उभा राहतो आणि मग ‘काय हा पिंजारा करून घेतलायस’ म्हणून ऐकायचंही आपणच. केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्यातले हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. म्हणजे वळण बसायचं ते ओले असतानाच बसतं. वाळल्यावर कंगवा फिरवून फक्त मोडतोड होते.

‘ओले केस विंचरू नयेत, तुटतात’ हे आजीचं म्हणणं सरळ केसांपुरतं बरोबर आहे. आपण भरपूर कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकांकडून वर वर जात गुंता काढायचा. गुंता सुटला की केस धुवायचे, पण पार निथळू द्यायचे नाहीत. पाणी टपटपत असतानाच डोकं पुढे झुकवायचं, हातावर जेल घ्यायचं आणि केस ओंजळीत धरून टाळूच्या दिशेने दाबायचे. पचपच आवाज आला पाहिजे. आवाज येत नसेल तर पाणी कमी पडलंय, आणखी शिंपडा. मग पंचा गुंडाळायचा. टर्किश टॉवेलच्या धाग्यांत बटा अडकतात, घासल्या जातात. घरातला जुना, धुऊन मऊ झालेला पंचा याला सगळ्यात उत्तम, आणि त्याच्याकडे पाहिलंत तर महागड्या ‘कर्ल टॉवेल’चे पैसे वाचतील. थोड्या वेळाने पंचा काढला की हात लावायचा नाही. इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. वाळताना केस खळ दिलेल्या साडीसारखे कडक होतात आणि आपण घाबरतो. पूर्ण वाळू द्या, मग मुठीत घेऊन हलके चुरा. कडकपणा जातो, वळण राहतं.

जेल विकत आणलंत तरी चालेल. मी बहुतेक वेळा जवसाचं करते. चार चमचे जवस, दोन कप पाणी, मंद आच, आणि सतत ढवळत राहायचं. चमच्यावरून तार पडायला लागली की गॅस बंद. गरम असतानाच गाळायचं, कारण गार झाल्यावर ते गाळणीतून उतरायचं नाव घेत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. वास बदलला की फेकून द्या, जीव टाकू नका.

तेलावरून मात्र घरोघरी वाद आहेत, माझ्याही घरी. कुरळे केस कोरडे का असतात? डोक्याच्या त्वचेतून तेल सुटतं, पण इतक्या वळणांवरून ते टोकापर्यंत पोचत नाही. मुळं तेलकट, टोकं रुक्ष. म्हणून वरून लावलेलं तेल टोकांना उपयोगी. मुंबईच्या रेले आणि मोहिले यांच्या २००३ सालच्या अभ्यासात खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना जाणारं प्रथिन वाचवतं असं दिसलं. सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. (दोघेही खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले, हेही लक्षात ठेवावं.) तेव्हा न्हाण्याआधी लांबीला खोबरेल जरूर लावा. पण कोंडा असेल तर टाळूवर रात्रभर तेल मुरवू नका. कोंड्याशी संबंध असलेली बुरशी त्या तेलावरच पोसते. आई अजून हे मानत नाही. वाटी घेऊन मागे उभी असते.

पाणी आणि हवा हे दोन विषय कुणी विचारत नाही, पण खेळ सगळा त्यांचाच. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम केसांवर बसतं, केस राठ होतात आणि दोष शॅम्पूला जातो. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाले की मी शेवटचा एक तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घेते. पावसाळ्यात ग्लिसरीन असलेली क्रीम बाजूला ठेवते, कारण ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं आणि कोकणातल्या जुलैत तो ओलावा किती असतो हे मी सांगायला नको.

स्मूदनिंग, म्हणजे पार्लरमध्ये रसायनं लावून केस सरळ करून घेणं, करू का, असंही विचारतात. करा की, केस तुमचे आहेत. फक्त मुळातून येणारा केस कुरळाच येणार, आणि अर्धे असे अर्धे तसे केस सांभाळणं जास्त जिकिरीचं.

हल्ली विचारणाऱ्यांत आया जास्त असतात, मुलींसाठी. शाळेत दोन वेण्या सक्तीच्या, सकाळी वेळ नाही, रोज रडारड. त्यांना माझं सांगणं एवढंच: रात्री थोडं पाणी फवारून, कंडिशनरचा हात फिरवून गुंता काढा आणि सैल वेण्या घालूनच झोपवा. सकाळी नुसत्या रिबिनी बांधायच्या. रविवारी केस मोकळे राहू द्या, आणि पाहुण्यांपैकी कुणी ‘अगं, विंचर की जरा’ म्हणालंच तर उत्तर तुम्ही द्या, तिला द्यायला लावू नका.