आमची वाटचाल : अंधारात ऐकायच्या गोष्टी

मराठी भयकथांचे अभिवाचन ध्वनिमुद्रित करणे आणि ते श्रोत्यांपर्यंत पोहोचवणे हा आमच्या छोट्या संस्थेचा व्यवसाय आहे. नागपुरातल्या धंतोलीत, एका जुन्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत आमचे काम चालते. एका खोलीत वाचन होते, दुसरीत संकलन. कथेची निवड, लेखकाशी करार, कलावंताची तालीम, ध्वनिमुद्रण, पार्श्वध्वनी आणि प्रसारण हे सारे याच दोन खोल्यांतून होते. भयकथेला श्रोता हमखास मिळतो, असे पुष्कळांना वाटते आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. मात्र त्या श्रोत्याला कशाच्या बळावर घाबरवायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. कर्कश संगीत आणि ‘सत्य घटना’ अशी पाटी ही दोन साधने बाजारात सहज मिळतात, आणि ती दोन्ही न वापरता वाचणाऱ्याच्या आवाजावर आणि त्याच्या विरामांवर भिस्त ठेवायची, हे आम्ही पहिल्यापासून ठरवले होते.

मी मूळची आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरची नैमित्तिक उद्घोषक. १९४८ साली सुरू झालेल्या या केंद्राने विदर्भातल्या कित्येक पिढ्यांना श्रुतिका ऐकवल्या, आणि नुसत्या आवाजावर एखादा वाडा, एखादी पडकी विहीर किंवा सागाचे रान कसे उभे करायचे, हे मला तिथे ज्येष्ठांच्या हाताखाली शिकायला मिळाले. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला, २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये स्टोरीटेल हे ऐकायच्या पुस्तकांचे ॲप मराठी पुस्तके घेऊन भारतात आले, आणि गोष्ट ऐकण्यासाठी ठरावीक वेळी रेडिओजवळ बसण्याची गरज उरली नाही. रात्री अंथरुणावर पडून, एकट्याने, कानांत इअरफोन घालून ऐकणारा नवा श्रोता तयार होत होता. त्याच्यासाठी मराठीत नीट वाचलेल्या भयकथा असाव्यात, एवढाच विचार सुरुवातीला होता. माझे दीर तेव्हा ऑर्केस्ट्रा आणि लग्नसमारंभांची ध्वनिव्यवस्था पाहत असत. घरातल्याच एका खोलीत आम्ही दोघांनी काम सुरू केले. २०२० च्या टाळेबंदीत समारंभ थांबले, ते पूर्णवेळ इकडे वळले, आणि हौसेचे व्यवसायात रूपांतर झाले. उद्यम नोंदणी, चालू खाते, भागीदारीचा करार या पायऱ्या सर्वांनाच चढाव्या लागतात, म्हणून त्यांविषयी अधिक लिहीत नाही.

नागपुरात ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा पहिला सामना उन्हाळ्याशी असतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, प्रत्येक खिडकीला कूलर लागलेला असतो आणि त्याची घरघर रात्रभर थांबत नाही. भिंतीला गाद्या आणि गोधड्या टांगून हा प्रश्न सुटत नाही, कारण मऊ कापड उंच पट्टीतले ध्वनी शोषते. खालच्या पट्टीतली घरघर अडवायला वजनदार, फटी नसलेली भिंतच लागते. म्हणून धंतोलीत आल्यावर वाचनाच्या खोलीत आम्ही आतून दुसरी भिंत उभारली, मधल्या पोकळीत रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची ध्वनिरोधक लोकर, भरले आणि दाराच्या चौकटीला चारी बाजूंनी रबराची पट्टी बसवली. वाचन सुरू असताना एसी बंद ठेवावा लागतो, त्यामुळे उन्हाळ्यात वीस मिनिटांनी कलावंत घामाने निथळत बाहेर येतो, आणि थकलेल्या माणसाचा आवाज भयकथेत लगेच उघडा पडतो. आमचा सुगीचा हंगाम हिवाळा आहे. डिसेंबर आणि जानेवारीत शहरातले पंखेसुद्धा बंद असतात, आणि वर्षभराच्या वाचनाचा मोठा भाग आम्ही त्याच दिवसांत उरकून घेतो.

या कामातली सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर मी शांतता असे उत्तर देईन. संकलन करताना दोन वाक्यांमधला नको असलेला आवाज कापला, की तिथे संपूर्ण निःशब्द पोकळी तयार होते. दीर तिच्याकडे बोट दाखवून म्हणतात, “वहिनी, ही शांतता मशीनची आहे, खोलीची नाही.” इअरफोनवर ऐकणाऱ्याला ती तत्काळ जाणवते; फोन बंद पडला की काय, असे त्याला वाटते आणि त्या क्षणी तो गोष्टीच्या बाहेर पडतो. म्हणून प्रत्येक वाचनाआधी कलावंताला माइकसमोर बसवून, काहीही न बोलता, अर्धा मिनिट नुसत्या खोलीचे ध्वनिमुद्रण केले जाते. माणूस बसलेल्या खोलीचा आवाज रिकाम्या खोलीपेक्षा वेगळा असतो, यासाठी तो आत असणे आवश्यक आहे. पुढे हाच तुकडा विरामांमध्ये भरला जातो. ‘त्याने कडी काढली’ आणि ‘आत कोणीच नव्हते’ या दोन वाक्यांमध्ये किती वेळ थांबायचे, यावर आमच्याकडे खूप चर्चा होते. दोन सेकंदांचा विराम नुसता विराम वाटतो. चार सेकंद थांबले, तर ऐकणारा स्वतःच त्या दारातून आत डोकावू लागतो.

माइकपासून तोंड साधारण वीतभर अंतरावर असावे, असा आमचा दंडक आहे. त्याहून जवळ गेले, की एकाच दिशेने ऐकणाऱ्या माइकमध्ये आवाजाचा खर्ज वाढतो, आणि कानाशी कोणीतरी कुजबुजते आहे असा भास होतो. हा परिणाम प्रभावी असल्यामुळेच तो एका कथेत एकाच जागी वापरायचा, असे आम्ही ठरवले आहे. मराठीतले ‘प’, ‘फ’, ‘ब’, ‘भ’ हे वर्ण हवेचा झोत घेऊन येतात, आणि भयकथेत ‘भ’ तर पावलोपावली भेटतो. त्यासाठी माइकपुढे तो झोत अडवणारी जाळी, म्हणजे पॉप फिल्टर, असतोच, शिवाय कलावंताने किंचित तिरके बसून वाचायचे असते. तयार झालेली कथा आम्ही शेवटी साध्या मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून पाहतो. त्या एवढ्याशा स्पीकरमधून साधारण २०० हर्ट्‌झच्या खालचे ध्वनी जवळजवळ उमटतच नाहीत, त्यामुळे चित्रपटगृहात अंगावर येणारा घुमणारा गडगडाट तिथे नाहीसा होतो, आणि ज्याने त्या गडगडाटावर सारी मदार ठेवली असेल, त्याच्या कथेतून भीतीच निघून जाते. पाऊल, श्वास, कडी आणि माणसाचा आवाज मात्र तिथेही जसेच्या तसे पोहोचतात.

पार्श्वध्वनी आम्ही शक्यतो स्वतः गोळा करतो. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात माडीवर सागवानी बंगई, म्हणजे झोपाळा, आहे. तिच्या कड्यांची करकर तेल न घालता राहू द्यावी, अशी विनंती आम्ही त्या घरच्या आजींना केली आणि त्यांनी ती आनंदाने मान्य केली. वाळलेल्या सागपानांवरून चालण्याचा आवाज पेंचच्या बाजूच्या एका शेताच्या बांधावर, मार्चमध्ये पानगळ झाल्यावर घेतला. तिथेच पहाटे रातवा हा निशाचर पक्षी ओरडत होता. कडक फरशीवर टाकलेला चेंडू जसा आधी सावकाश आणि मग भराभर टप्पे घेत थांबतो, तशी त्याची हाक असते, आणि ती पक्ष्याची आहे हे ठाऊक असूनही ती ऐकताना मन स्वस्थ राहत नाही. नागपूर ते नागभीड धावणारी नॅरोगेज गाडी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. तिची शिट्टी आणि डब्यांचा खडखडाट दिरांनी त्याआधीच टिपून ठेवला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडेचे मोठे पुतळे, मिरवत निघतात, तेव्हा ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून उठणारा हजारो कंठांचा गजरही आमच्या संग्रहात आहे. मात्र मारबतीवर भयकथा करायची नाही, हा माझा आग्रह आहे, कारण इडापिडा गावाबाहेर नेणारी ती लोकांची श्रद्धेची मिरवणूक आहे.

आमच्या श्रोत्यांनी सर्वाधिक उचलून धरलेली कथा नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर घडते. १९४९ पासून रात्रीच्या हवाई टपालाची विमाने दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही बाजूंनी मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात उतरत, आपापसात टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि उजाडण्याच्या आत परतत. एवढी वस्तुस्थिती घेऊन आमच्या लेखिकेने एक थैली जास्तीची आणली. ती सिमेंटवरून ओढली जाण्याचा आवाज आम्हाला कुठल्याही तयार संग्रहात मनासारखा मिळेना. अखेर गोणपाटाच्या पोत्यात जुनी वर्तमानपत्रे आणि दोन विटा भरून ते गच्चीवर सावकाश ओढले. पोते थांबल्यानंतरही आतला कागद क्षणभर सरकत राहिला, आणि कथेतला सर्वांत भीतिदायक ध्वनी तोच ठरला.

वाचणारे कलावंत आम्हाला रंगभूमीवरून मिळतात. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याच्या, नाटकांत उमेदवारी केलेले एक ज्येष्ठ कलावंत आहेत, त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. मोकळ्या मैदानात हजारोंच्या गर्दीपुढे पोहोचणारा त्यांचा आवाज वीतभर अंतरावर आणताना त्यांनी घेतलेली मेहनत मी जवळून पाहिली आहे. भयकथा वाचणाऱ्याने घाबरून वाचायचे नसते, हे त्यांचे म्हणणे आता आमच्या प्रत्येक नवोदिताला सांगितले जाते. जे घडले ते सांगणाऱ्याने साधेपणाने सांगावे आणि घाबरण्याचे काम ऐकणाऱ्यावर सोपवावे. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद पात्राच्या बोलीत, अशी आमची रीत आहे. चकव्यात सापडलेल्या पोराला अंधारातून “काऊन रे बाबू, एवढ्या राती कुठी चालला?” असे कोणी विचारले, की वऱ्हाडातल्या श्रोत्याला तो आवाज आपल्याच गावच्या पारावरचा वाटतो, आणि ओळखीचा वाटतो म्हणूनच त्याच्या अंगावर काटा येतो.

हक्कांच्या बाबतीत आम्ही अत्यंत काटेकोर आहोत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे त्याच्या साहित्यावर वारसांचा हक्क असतो, त्यामुळे मराठी भयकथेतले बहुतेक लोकप्रिय लेखन विनापरवानगी वाचताच येत नाही. याच कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते. त्यात मुदत नसेल तर ती ५ वर्षे आणि प्रदेश नमूद नसेल तर फक्त भारत, असे धरले जाते. ऐकणारे मात्र पुण्याइतकेच परदेशातही असतात. म्हणून मुदत, प्रदेश आणि मोबदला या तिन्ही गोष्टी आमच्या करारात स्पष्ट लिहिलेल्या असतात, आणि कलावंताचा आवाज यंत्राला शिकवण्यासाठी वापरला जाणार नाही, हे कलमही आता त्यात आहे. आमच्या काही कथा एका वाहिनीने परस्पर उचलून स्वतःच्या नावाने प्रसारित केल्या, तेव्हा याच कागदांच्या आधारे आम्हाला त्या काढून टाकायला लावता आल्या.

‘सत्य घटनेवर आधारित’ ही ओळ लावली तर श्रोते वाढतात, हे आम्हाला वितरकांनी वारंवार सांगितले आहे, आणि आकडे पाहता त्यांचे म्हणणे खोटे नाही. तरीही ती ओळ आमच्या एकाही कथेवर नाही. याच मातीत करणीच्या संशयावरून माणसांना मारहाण झाली आहे, बायकांना गावातून हाकलून दिले गेले आहे, आणि त्यासाठी महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. अंधश्रद्धा निर्मूलनाचे मोठे कामही याच नागपुरातून उभे राहिले. अशा ठिकाणी एखाद्या खऱ्या गावाचे नाव घेऊन, तिथली एखादी एकटी राहणारी म्हातारी चेटकीण होती असे ‘सत्य घटना’ म्हणून ऐकवणे, हे कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते. म्हणून आमच्या कथांतली गावे काल्पनिक असतात, जिवंत बाईला चेटकीण ठरवणारी कथा आम्ही स्वीकारत नाही, आणि प्रत्येक कथेच्या आरंभी ही कल्पित गोष्ट असल्याचे सांगतो. मुंजा पिंपळावर बसलेला असो किंवा विहिरीतून हाक येवो, गोष्ट उत्तम असेल तर ती खोटी आहे हे माहीत असूनही माणूस पांघरूण डोक्यावर घेतो. भयकथा या प्रकारावर माझा एवढा विश्वास आहे, आणि तिला बनावट दाखला जोडणे हा मला तिचा अपमान वाटतो.

सध्या झाडीपट्टीच्या बोलीतली, म्हणजे झाडीबोलीतली, एक संपूर्ण मालिका हाती घेतली आहे. तिच्यासाठी हवे असलेले बहुतेक कलावंत गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा आणि आसपासच्या नाटकमंडळ्यांत काम करतात, आणि त्यांच्या नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या सुमारापर्यंत चालतो. म्हणजे आमच्या खोलीत सर्वाधिक शांतता असते, नेमके तेव्हाच ते रात्र-रात्र रंगमंचावर असतात. त्यामुळे या मालिकेचे वाचन पावसाळ्यात होईल. खोलीच्या छतावर त्यासाठी आणखी एक थर चढवण्याचे काम सुरू आहे, आणि लेखिकेला पहिल्या तीन कथांमध्ये पाऊस ठेवायला सांगितले आहे.