भूमिस्पर्श

फोन्सावन, लाओस. रात्री साडेनऊ.

आज मुआंग खूनला जाऊन आलो. इथून तीसेक किलोमीटर. एकेकाळी ही फुआन राजांची राजधानी होती. १९६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकी विमानांनी गाव भुईसपाट केलं, आणि पुढे प्रांताचं ठाणंच फोन्सावनला आलं.

तिथल्या वाट फिया वाट विहाराचे आता विटांचे खांब आणि भिंतींचे थोडे तुकडे उरलेत. छप्पर नाही. मधोमध, उघड्या आभाळाखाली, भलीमोठी बुद्धमूर्ती. चेहरा जखमी, पण बैठक ढळलेली नाही. विहार पुन्हा उभारला नाही, तसाच राखलाय. ते मला फार योग्य वाटलं. नवा रंग दिला असता तर इथे काय घडलं ते कुणी विचारलंच नसतं.

चपला काढून त्रिसरण म्हटलं. ते आजीनं शिकवलेलं. १९५६ साली नागपूरला दीक्षाभूमीवर ती वडिलांच्या खांद्यावर बसून गेली होती.

डोळे उघडले तर नजर मूर्तीच्या उजव्या हातावर गेली. बोटं जमिनीकडे. अजिंठ्याच्या सव्वीस नंबरच्या लेण्यात, मारविजयाच्या शिल्पात, हाच हात आहे. ध्यान मोडायला आलेल्या माराची, म्हणजे मोहात पाडणाऱ्याची, फौज अंगावर आलेली आणि सिद्धार्थ धरतीला साक्षीला बोलावतो.

इथल्या धरतीच्या पोटात मात्र बॉम्ब आहेत. १९६४ ते १९७३ या काळात लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब पडले. त्यांत क्लस्टर बॉम्बमधले छोटे गोळे सुमारे २७ कोटी, आणि त्यांतले ८ कोटींच्या आसपास फुटलेच नाहीत. लोक त्यांना ‘बॉम्बी’ म्हणतात. चेंडूएवढे असतात. मुलं खेळायला उचलतात, शेतकऱ्याची कुदळ लागते, आणि पन्नास वर्षांपूर्वीचं युद्ध त्या घरात आज येतं.

सकाळी जुन्या दगडी रांजणांच्या पठारावर पायवाटेला लाल-पांढऱ्या खुणा होत्या. पांढऱ्या बाजूची जमीन तपासलेली. लाल बाजूला पाऊल टाकायचं नाही. तिकडेही तसंच हिरवं गवत होतं.

आत्ता आजीला मूर्तीचा फोटो पाठवला. तिचा लगेच फोन.

“पावसात भिजत असतील रे. निदान वर पत्रे तरी टाकायचे.”

मला काही बोलता आलं नाही. बाहेर मघापासून पाऊस लागलाय.