लेबलातला फोटो कुठे गेला?

वडिलांच्या कपाटात सापडलेल्या तीन जुन्या अल्बममधील फोटो मी गेल्या वर्षी स्कॅन केले, तेव्हा त्यांतील निम्म्या माणसांची नावे मला ठाऊक नव्हती आणि ती सांगू शकेल अशी घरात आई एकटीच होती. तिने सवडीने एकेक फोटो उघडावा आणि खालच्या चौकटीत नावे लिहावीत, एवढ्याचसाठी मी पायथन ही भाषा आणि तिच्यातील खिडक्या-बटणे काढणारा टीकेइंटर हा संच वापरून एक लहानसा डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहायला घेतला. डावीकडे थंबनेलची, म्हणजे फोटोंच्या छोट्या प्रतींची रांग, मधोमध मोठा फोटो आणि खाली मजकुराची जागा, इतकाच त्याचा पसारा. दोन संध्याकाळचे काम आहे, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तीन आठवडे गेले, आणि त्यांतील बहुतेक वेळ नावे साठवण्यात नव्हे, तर फोटो पडद्यावर नीट दिसण्यात गेला.

पहिली अडचण अगदी दारातच आली. टीकेइंटरमध्ये चित्र धरणाऱ्या फोटोइमेजला जेपेग फाइल दिली, तर फाइलमधील डेटा ओळखता येत नाही अशी तक्रार करून ते थांबते. टीकेच्या (टीकेइंटरच्या खाली चालणाऱ्या यंत्रणेच्या) ८.६ आवृत्तीपर्यंत मूळ संचात जिफ, पीपीएम आणि पीजीएम हे चित्रांचे प्रकार होते, आणि पीएनजीची भर त्याच ८.६ आवृत्तीत, म्हणजे २०१२ साली पडली. फाइलचे शेपूट बदलून जेपेगला पीएनजी म्हणवून काही साधत नाही, कारण फाइलचा प्रकार तिच्या नावावरून नव्हे, तर सुरुवातीच्या काही बाइटांवरून ओळखला जातो. त्यामुळे पिलो ही लायब्ररी, म्हणजे चित्रे हाताळणारा तयार कोड, घेणे भाग होते. तिने जेपेग उघडायचे, पिक्सेल काढायचे आणि तिच्याच इमेजटीके या मोड्यूलने ते टीकेच्या हवाली करायचे, अशी वाटणी झाली.

दहा ओळींचा प्रयोग लगेच चालला. मग मी त्याच ओळी व्यवस्थित एका फंक्शनमध्ये, म्हणजे कोडच्या नाव दिलेल्या तुकड्यात, नेल्या आणि आईला दाखवायला बसलो, तर मधली चौकट कोरी. चूक दाखवणारा संदेश नाही, इशारा नाही, काहीच नाही. आई म्हणाली, “अरे, जागा तर सोडलेली दिसतेय, फोटो कुठाय?” तिने सहज विचारलेल्या या प्रश्नात पूर्ण निदान होते, हे मला तासाभराने कळले.

टीकेइंटर हा टीके या वेगळ्या यंत्रणेवर पायथनने चढवलेला पातळ थर आहे. आपण फोटोइमेज तयार केली की टीकेच्या बाजूला ‘पायइमेज१’ अशा नावाचे एक चित्र जन्माला येते, आणि लेबलला, म्हणजे फोटो दाखवणाऱ्या चौकटीला, आपण जे देतो ते चित्र नसते, केवळ ते नाव असते. पायथनच्या हिशेबात लेबलने त्या ऑब्जेक्टला धरून ठेवलेलेच नसते. फंक्शन संपले की त्यातील व्हेरिएबल जाते, ऑब्जेक्टचे रेफरन्स, म्हणजे त्याला धरून ठेवणारे दुवे, शून्यावर येतात, आणि तो ऑब्जेक्ट जाता जाता टीकेला आपले चित्र पुसून टाकायला सांगतो. एखाद्या विजेटमध्ये (लेबल, बटण अशा पडद्यावरील घटकात) वापरात असलेले चित्र असे पुसले गेले, तर टीके त्या विजेटमधील चित्राचे माप तसेच ठेवते आणि तेवढी जागा रिकामी रंगवते. म्हणूनच चौकट फोटोच्याच आकाराची होती आणि फोटो तेवढा नव्हता. माझा दहा ओळींचा प्रयोग चालला, कारण त्यात फोटो फंक्शनबाहेरच्या व्हेरिएबलमध्ये होता आणि प्रोग्रॅम बंद होईपर्यंत जिवंत राहिला. शिकवण्यांमधील उदाहरणे बहुधा अशीच फंक्शनबाहेर लिहिलेली असतात, आणि नवशिक्याने कोड नीटनेटका करायला घेतला की नेमका तेव्हाच फोटो गायब होतो, ही मला थोडी अन्यायाची गोष्ट वाटते.

उपाय एका ओळीचा आहे. तोच फोटो लेबलच्या एखाद्या गुणधर्मातही ठेवावा, म्हणजे लेबल आहे तोवर फोटो राहतो. याच कुळातील दुसरी चूक मी आठवड्याभराने केली. फोटो मोठा करून दाखवणारी वेगळी खिडकी मी टॉपलेव्हल या जोडखिडकीऐवजी पुन्हा टीकेचे नवे मूळ, म्हणजे नवी मुख्य खिडकी, उभे करून उघडली, आणि ‘पायइमेज३ अस्तित्वात नाही’ असा संदेश आला. प्रत्येक मुळाचा स्वतःचा स्वतंत्र टीसीएल इंटरप्रिटर (टीकेच्या आज्ञा चालवणारा भाग) असतो आणि चित्राचे नाव ज्या इंटरप्रिटरमध्ये नोंदले गेले तिथेच चालते, एवढे कळल्यावर संदेशाचा अर्थ लागला.

फोटो धरून ठेवायचा धडा मी जरा जास्तच मनावर घेतला. सगळे फोटो एका डिक्शनरीत, म्हणजे नावाने वस्तू शोधता येणाऱ्या पायथनच्या यादीत, साठवू लागलो, म्हणजे एकदा उघडलेला फोटो पुन्हा उघडताना वेळ लागणार नाही. चाळीसेक फोटो पाहून होईपर्यंत आईचा लॅपटॉप रडू लागला. हिशेब साधा होता आणि तो मी आधी करायला हवा होता. ६ × ४ इंची फोटो ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की ३६०० × २४०० पिक्सेल होतात, म्हणजे ८६ लाख ४० हजार. डिस्कवर ती जेपेग फाइल दोन-तीन एमबीची असते, पण पडद्यावर दाखवण्यासाठी ती पूर्ण उलगडावी लागते, आणि उलगडल्यावर एका पिक्सेलला ४ बाइट धरले तर ३४.६ एमबी लागतात. पिलोकडे एक प्रत आणि टीकेकडे दुसरी, असे एका फोटोचे जवळजवळ ७० एमबी झाले. शिवाय १९२० × १०८० पिक्सेलच्या पूर्ण पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेलच मावतात, तेव्हा त्या ८६ लाखांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक पिक्सेल दिसण्याची सोयच नव्हती. आता मी फोटो आधी चौकटीच्या मापाचा करून मगच टीकेला देतो, मूळ मोठी प्रत लगेच सोडून देतो, आणि डिक्शनरीत शेवटचे बाराच फोटो ठेवतो.

थंबनेलच्या बाबतीत पिलोने एक सुंदर सोय करून ठेवलेली आहे. पिलोमध्ये फाइल उघडली म्हणजे ती वाचली असे नसते. उघडताना केवळ शीर्षभाग वाचून माप आणि प्रकार कळवला जातो, आणि पिक्सेल खरोखर लागतील तेव्हाच उलगडले जातात. जेपेग चित्र ८ × ८ पिक्सेलच्या ठोकळ्यांत साठवलेले असते, त्यामुळे उलगडतानाच ते निम्म्या, पाव किंवा एक-अष्टमांश मापाने काढता येते. १५० पिक्सेलच्या थंबनेलसाठी पिलो माझे ३६०० × २४०० चे स्कॅन थेट ४५० × ३०० मापाने काढते आणि तेथून पुढे बारीक करते. पिक्सेल चौसष्टपटीने कमी, वेळ अर्थातच तितक्या पटीत कमी नाही, कारण फाइल शेवटपर्यंत वाचावी लागतेच. ही सोय मी नकळत घालवून बसलो होतो. नातेवाइकांनी फोनवर काढून पाठवलेले काही फोटो आडवे दिसत होते, कारण फोन पुष्कळदा पिक्सेल न फिरवता फाइलच्या एक्झिफ नोंदीत (फोटोसोबत ठेवलेल्या माहितीत) ‘दाखवताना फिरवा’ एवढी खूण करून ठेवतो. ती खूण पाळणारे फंक्शन पिलोमध्ये आहे, आणि मी ते सर्वांत आधी चालवत होतो. फोटो फिरवायचा तर तो आधी पूर्ण उलगडावा लागतो, मग एक-अष्टमांशाचा प्रश्नच उरत नाही. आधी लहान करणे आणि मग फिरवणे, असा क्रम लावल्यावर थंबनेलची रांग डोळ्यांदेखत भरू लागली.

तरीही अल्बम उघडताना खिडकी काही सेकंद गोठत होती आणि तिच्या मथळ्यावर विंडोज ‘प्रतिसाद देत नाही’ अशा अर्थाची पाटी लावत होते. क्लिक, रंगवणे, खिडकी हलवणे ही सगळी कामे एकच लूप (सतत फिरणारे चक्र) पाहतो, आणि फोटो उलगडण्याचे काम त्याच लूपमध्ये घातले तर बाकी सर्व ताटकळते. म्हणून उघडणे आणि लहान करणे हे काम वेगळ्या थ्रेडला, म्हणजे प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या धाग्याला, दिले. तो थ्रेड तयार झालेला पिलोचा फोटो क्यूमध्ये (रांगेत) टाकतो, आणि मुख्य थ्रेड दर ५० मिलिसेकंदांनी क्यूत डोकावून टीकेचे चित्र स्वतः बनवतो. विजेटला आणि टीकेच्या चित्राला दुसऱ्या थ्रेडने हात लावायचा नाही, हे पथ्य मी कटाक्षाने पाळतो. यातून एक गंमत उद्भवली. आईने ‘पुढचा’ हे बटण भराभर दाबले की मागे राहिलेला मोठा फोटो उशिरा येऊन नव्या फोटोच्या जागी बसायचा, आणि आत्याच्या लग्नाच्या फोटोखाली सहलीतल्या माणसांची नावे पडायची. आता प्रत्येक मागणीला क्रमांक दिलेला आहे, आणि शेवटच्या क्रमांकाखेरीज आलेला फोटो मुकाट्याने टाकून दिला जातो.

शेवटची दुरुस्ती आईने नवा लॅपटॉप घेतल्यावर करावी लागली. त्याचा पडदा दाट, म्हणजे इंचाला जास्त पिक्सेलचा, आहे आणि विंडोजमध्ये मापन २०० टक्के ठेवलेले आहे. प्रोग्रॅमने आपल्याला दाट पडद्याची जाण आहे असे सांगितलेले नसेल, तर विंडोज त्याची सबंध खिडकी चित्रासारखी ताणून दुप्पट करते, आणि त्यामुळे माझे सगळे फोटो धुरकट दिसू लागले होते. खिडकी तयार होण्याआधीच विंडोजला तसे कळवणारी एक ओळ घातली, तेव्हा फोटो लख्ख झाले, पण थंबनेल नखाएवढे. ते १५० वरून ३०० पिक्सेलवर नेले, आणि मग ध्यानात आले की एवढ्या मापाला एक-अष्टमांश पुरत नाही. पिलो आता पाव मापाने, म्हणजे ९०० × ६०० ने फोटो काढते, आणि थंबनेलची रांग पूर्वीपेक्षा किंचित सावकाश भरते. आईची अद्याप तक्रार नाही. तिसऱ्या अल्बममधील सतरा माणसे तिलाही ओळखता आलेली नाहीत.