डावीकडचा पाव आपला

माझं माहेर फोंड्याचं. हुमण-शीत (माशाची आमटी-भात) पाची बोटांनी कालवल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. गेल्या महिन्यात मडगावला, नवऱ्याच्या साहेबांकडे साखरपुड्याचं जेवण होतं. ताटाच्या दोन्ही बाजूंना सुऱ्या-काट्यांची रांग! बाहेरून आत यायचं, एवढं माहीत होतं. सूप तरून गेलं.

चुकलं ते पावात. उजवीकडच्या बशीतला पाव उचलला, मोडला, लोणी लावलं. तो शेजारच्या आजोबांचा! त्यांनी काही न बोलता टेबलाखाली दोन्ही हात धरून दाखवले. अंगठा आणि तर्जनी टोकाला जोडायची, बाकीची तीन बोटं सरळ ठेवायची. डाव्या हाताचा होतो इंग्रजी छोटा 'बी', म्हणजे ब्रेड. उजव्याचा 'डी', म्हणजे ड्रिंक. डावीकडचा पाव आपला, उजवीकडचा ग्लास आपला. पाव हा शब्दच पोर्तुगिजांकडून घेतलेला, आणि मला त्याची बशी कळेना!

मग इसवण, म्हणजे सुरमई, आली. मासळीची सुरी बोथट असते, कारण तिनं कापायचं नसतं, माशाच्या मधल्या काट्यावरून मांस अलगद उचलायचं. हे मात्र मला आवडलं. (बोटांनी जास्त चांगलं जमतं, ते सोडा.)

गप्पांच्या नादात मी सुरी-काटा ताटात शेजारी शेजारी, समांतर ठेवले. म्हणजे 'माझं झालं'. थांबायचं असेल तर दोन्ही तिरके, वेगवेगळे ठेवतात. वाढप्याने तत्परतेनं ताट उचललं. अर्धी इसवण गेली.