शेवटच्या वाघिणीची खबर

विश्रामबागेतल्या आमच्या घरात, आठ फूट लांबीच्या प्लायवूडवर, मी मिरज जंक्शनची छोटी प्रतिकृती मांडली आहे. गाड्या १:८७ प्रमाणात आणि रूळ एचओ मापाचे, म्हणजे १६.५ मिलिमीटर अंतराचे आहेत. आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला याच प्रमाणात १९ मिलिमीटरहून थोडे अधिक अंतर हवे होते, ही तडजोड मला अजूनही खटकते.

गाड्या संगणकावरून चालतात. जेएमआरआय या मोफत सॉफ्टवेअरचा हुकूम आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डकडे जातो, तिथून रुळांतून वीज आणि संदेश एकत्रच वाहतात, आणि इंजिनातला डिकोडर फक्त आपल्या क्रमांकाचा संदेश उचलतो. गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे बदलण्याचे काम सर्वो नावाच्या छोट्या मोटरी करतात.

इंजिन पळवणे त्यामानाने सोपे आहे. गाडी या क्षणी कुठे आहे, हे संगणकाला कळवणे अवघड. त्यासाठी रुळांचे ब्लॉक, म्हणजे विजेच्या दृष्टीने वेगळे तुकडे, पाडून प्रत्येकातली वीज मोजतात. मोटर असलेले इंजिन वीज ओढते, साधी वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, मात्र ओढत नाही. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मालगाडीचे इंजिन पुढच्या ब्लॉकमध्ये गेले, शेवटची वाघीण अजून सांध्यावरच होती, आणि मागचा ब्लॉक रिकामा समजून संगणकाने सांधा फिरवला. तिची पुढची चाके एका मार्गावर आणि मागची दुसऱ्या मार्गावर गेली, आणि ती आडवी पडली.

खऱ्या रेल्वेत ट्रॅक सर्किट, म्हणजे रुळांतल्या विजेवरून गाडी ओळखणारी यंत्रणा, असते तिथे वाघीणही लपत नाही, कारण तिची चाके आणि पोलादी आस दोन्ही रूळ विजेने जोडतात. मॉडेलमध्ये त्याने शॉर्टसर्किट होईल, म्हणून एक चाक आसापासून विलग ठेवलेले असते. यावर उपाय म्हणून मी तेवीस वाघिणींच्या प्रत्येकी एका आसावर १० हजार ओहमचा, तांदळाच्या दाण्याहून लहान रेझिस्टर चिकटवला आणि त्याच्या दोन्ही टोकांपासून वीजवाहक रंगाची बारीक रेघ ओढली. भिंग लावून केलेल्या या कामाला चार संध्याकाळी लागल्या. १५ व्होल्टला त्यातून जेमतेम दीड मिलिअँपिअर वीज वाहते, पण सेन्सर नीट जुळवला की तेवढी पुरते.

गाडी पूर्ण आली की नाही, हे स्थानकावर शेवटच्या डब्यामागची ‘एलव्ही’ (लास्ट व्हेइकल) पाटी पाहून ठरवतात. आता माझा संगणकही शेवटची वाघीण सांधा ओलांडेपर्यंत थांबतो. फक्त भिंतीकडच्या वळणावर रूळ काळवंडले की ब्लॉकचा दिवा लुकलुकतो, म्हणून दर रविवारी तेवढा भाग स्पिरिटच्या फडक्याने पुसून घेतो.